मार्च 1943, आर्जेंटाईन शेड

पायाखाली ओलं आहे, जपून. साबणाचं पाणी, सांडलेलं तेल आणि वर्षानुवर्षांची काजळी यांचा काळा थर इथल्या जमिनीवर बसला आहे आणि बूट त्यावरून सटकतात. तुम्ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात आहात. यार्डाचं नाव आर्जेंटाईन. कॅन्सस सिटीचाच हा एक भाग. महिना मार्च, साल 1943, महायुद्ध ऐन भरात. ही सांता फे रेल्वेची लोको शेड, आणि समोर मालगाडीच्या एका डिझेल इंजिनाची आंघोळ चालली आहे.

आधी डोळे सरावू द्या. उजेड बेताचाच आहे. छपराखाली वाफ आणि धूर कोंडलाय, काचांवर काजळी चढली आहे. शेजारची वाफेची इंजिनं काळी, भिंती काळ्या, माणसांचे कपडे कळकट. आणि त्यात हा गडद निळा रंग, त्यावर पिवळे पट्टे, गोलसर नाक, नाकावर मधोमध दिवा. पाणी ओघळतं तिथे निळा आणखी गर्द होतो. वाफेच्या इंजिनाच्या नळ्या, दांडे, चाकांना जोडलेले ते भलेमोठे हात इथे काहीच दिसत नाहीत. सगळं आत, पत्र्याआड. बाहेरून पाहणाऱ्याला हे इंजिन फारसं काही सांगत नाही, आणि वाफेवर जीव असलेल्या माणसांची डिझेलबद्दल हीच तक्रार असते.

बाजूने चालत जा आणि गोल खिडक्या मोजा. एका युनिटला ओळीने चार, जवळजवळ. चार दिसल्या की समजा, हे एफटी. जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह विभागाने इलिनॉय राज्यातल्या ला ग्रेंजच्या कारखान्यात बांधलेलं, मुख्य मार्गावर लांब पल्ल्याची मालगाडी ओढण्यासाठीचं पहिलं यशस्वी डिझेल. त्याच्या पुढच्या पिढ्यांत खिडक्या कमी होत गेल्या, त्यामुळे जुन्या फोटोत नंबर वाचता आला नाही तरी एवढ्या खुणेवरून काळ बराचसा पक्का करता येतो. चालत राहा, कारण इंजिन अजून संपलेलं नाही. चार युनिटं एकामागे एक जोडलेली आहेत: पुढे आणि मागे केबिन असलेली, मधली दोन बिनकेबिनची. प्रत्येकात सोळा सिलिंडरचं इंजिन, प्रत्येकी 1350 अश्वशक्ती, एकूण 5400. चारही मिळून लांबी जवळपास 193 फूट. आणि हे सगळं एका ड्रायव्हरच्या हातातल्या एका दांड्यावर चालतं.

तुमच्या उजव्या हाताला ट्रायपॉड रोवून एक तरुण उभा आहे, त्याच्या वाटेत येऊ नका. तो जॅक डेलानो. वय 28. जन्म युक्रेनमधला, तेव्हाचं नाव याकोव्ह ओव्हचारोव्ह. 1923 मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला, फिलाडेल्फियात चित्रकला शिकला, संगीतही शिकला. आता तो सरकारी नोकरीत आहे. रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली शेतकऱ्यांची, मजुरांची छायाचित्रं काढणारी जी मंडळी होती, त्यांना युद्धामुळे माहिती खात्यात आणलं गेलं. डेलानोकडे काम आलं रेल्वेचं: लढाईचा माल देशभर कसा हलतो ते दाखवायचं. शिकागोहून निघून मालगाड्यांमधून तो कॅलिफोर्नियापर्यंत चालला आहे. झोपणं, खाणं बरंचसं गार्डच्या डब्यात.

त्याच्या कॅमेऱ्यात आत्ता कोडॅक्रोमची रंगीत फिल्म आहे, चार बाय पाच इंचांची एकेक सुटी पाटी. ही फिल्म फार मंद. आजच्या मोजणीत तिचा वेग आयएसओ 8 ते 10 च्या घरात येईल; हातातल्या फोनलासुद्धा एवढ्या मंद गतीवर यावं लागत नाही. अशा अंधाऱ्या शेडमध्ये तिच्यावर चित्र उमटवायचं तर पडदा बराच वेळ उघडा ठेवायचा किंवा दिवे पेटवायचे. हलेल ते पुसट होतं. म्हणून तो कामगारांना थांबायला सांगतो. हातातला लांब दांड्याचा ब्रश जागच्या जागी, पाणी मात्र गळतंच आहे. हेच बंधन त्याने डिसेंबर 1942 मध्ये शिकागोच्या प्रोव्हिसो यार्डात उलटं वापरलं होतं: रात्री पडदा उघडा ठेवला आणि हातात दिवे घेऊन फिरणाऱ्या यार्डातल्या माणसांच्या वाटा रुळांमधून उजेडाच्या रेघा होऊन उमटल्या. माणसं त्या चित्रात दिसत नाहीत, त्यांचं काम तेवढं दिसतं.

आणि आता या शेडमधल्या चित्राखालची ओळ ऐका. सांता फेचं 5400 अश्वशक्तीचं डिझेल मालइंजिन धुतलं जात आहे, आर्जेंटाईनच्या शेडमध्ये, एवढंच ती सांगते. अश्वशक्ती आहे, ठिकाण आहे, धुणाऱ्याचं नाव नाही. इतर अनेक ठिकाणी डेलानोने नावं टिपली आहेत. पुढच्याच महिन्यात आयोवातल्या क्लिंटन शेडमध्ये वाफेच्या इंजिनावर जोरदार फवारा मारणाऱ्या एका स्त्री कामगाराचं चित्र त्याने काढलं, तिचं नाव त्या ओळीत आहे. इथे ते राहून गेलं. म्हणून या माणसाचा चेहरा नीट बघून ठेवा.

गाडी लागली. चढा.

शिडी उभी आहे, दोन्ही हातांनी बार धरा. केबिनमध्ये दोन माणसं: उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे फायरमन. ज्या इंजिनात फावडं मारायला आगच नाही त्यात फायरमन कशाला, असं तुमच्या मनात येईल. 1937 मध्ये कामगार संघटनांनी रेल्वे कंपन्यांशी करार करून ही जागा राखली. त्या कराराच्या आधारावर हा माणूस इथे बसला आहे, आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या खुर्चीवरून भांडणं होणार आहेत. आज मात्र त्याला काम आहे, तेही तुम्हाला दिसेलच. ड्रायव्हर दांडा एक खाच पुढे सरकवतो. मागे कुठेतरी घुमल्यासारखा आवाज चढत जातो. मग धक्का नाही, चाकांचं घसरणं नाही. वाघिणींमधले जोड एकेक करून ताणले जातात, तो खणखणाट शेपटापर्यंत जाऊन विरतो आणि खांब मागे सरकू लागतात.

कॅन्ससची सपाटी, ओक्लाहोमाचा कोपरा, टेक्साससुद्धा आपण झोपून काढू. अमॅरिलो, क्लोव्हिस, बेलेन, गॅलप ही नावं फलाटावरून सरकताना अर्धवट झोपेत ऐकू आली तरी पुरे. जाग यावी ती विन्स्लोच्या पुढे, ॲरिझोनाच्या वाळवंटात.

बाहेर बघा, पाणी कुठे दिसतंय का? नाही. सांता फेला हीच सगळ्यात मोठी पीडा होती. वाफेच्या इंजिनाला तेल किंवा कोळसा तर लागतोच, पण त्याच्या कितीतरी पट पाणी लागतं. या पट्ट्यात विहिरींना पाणी कमी, आणि आहे ते क्षारांनी भरलेलं. बॉयलरमध्ये ते फेसाळतं, नळ्यांवर पापुद्रा धरतं. म्हणून रेल्वेला टाक्यांच्या गाड्या भरभरून पाणी वाहून आणावं लागे. माल वाहणाऱ्या इंजिनांच्या तहानेसाठी पुन्हा मालगाड्या! युद्धात गाड्या वाढल्या तशी ती तहानही वाढली. कंपनीने एफटीसाठी इतकी घाई का केली, ते या खिडकीतून दोन तास बाहेर पाहिलं की पटतं. एफटीचं पहिलं नमुना-इंजिन, क्रमांक 103, नोव्हेंबर 1939 मध्ये देशभर दाखवायला निघालं होतं. अकरा महिन्यांत 20 रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर, 35 राज्यांतून ते 83,764 मैल फिरलं. सांता फेने सगळ्यांच्या आधी मागणी नोंदवली आणि 1941 च्या सुरुवातीला तिची पहिली डिझेल मालगाडी याच आर्जेंटाईनहून लॉस एंजेलिसला गेली. युद्धकाळात सरकारी मंडळ ठरवी की कोणी काय बांधायचं आणि ते कोणाला द्यायचं. तरीही वाळवंटाचं कारण पुढे करून सांता फेने पुढे 320 युनिटं मिळवली. एवढा मोठा ताफा दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

आता फायरमन उठेल, त्याच्या मागे जा. केबिनच्या मागचं दार उघडलं की पहिलं युनिट.

इथे बोलता येत नाही. ओरडूनही नाही. सोळा सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन रांगांत, बाजूने जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि टू-स्ट्रोक इंजिनाचा तो अखंड, भरीव घोष कानांतून छातीत उतरतो. हवा गरम आणि तेलकट. प्रत्येक सिलिंडर 567 घन इंचांचा, म्हणून इंजिनाचं नावही 567. याच घराण्यातली बारा सिलिंडरची इंजिनं या घडीला समुद्रावर आहेत, किनाऱ्यावर रणगाडे उतरवणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या जहाजांमध्ये. त्यामुळे कारखान्यातून इंजिनं मिळवण्यासाठी रेल्वे आणि नौदल एकाच दारात उभे आहेत. फायरमन काट्यांकडे बघतो: पाण्याचं तापमान, तेलाचा दाब. रेडिएटरच्या झडपा किती उघड्या आहेत ते बघतो, हाताच्या तळव्याने एका पाइपाला स्पर्श करतो, पुढचं दार उघडतो. दोन युनिटांच्या मधल्या पट्टीवर पाय टाकताना खाली पळणारे स्लीपर दिसतात. मग पुन्हा सोळा सिलिंडर, पुन्हा तोच घोष. शेवटच्या युनिटातून माघारी फिरून केबिनमध्ये परत याल तेव्हा कानांत बराच वेळ सुं सुं चालू राहील.

ही वाट कुठल्याही फोटोत बाहेरून दिसत नाही. त्या चार गोल खिडक्यांमागे काय असतं हे एकदा कळलं, की डिझेलच्या चित्रांचा सपाटपणा संपतो.

वळणावर मान बाहेर काढा. गाडी पूर्ण दिसते आहे: चाळीस फुटी बंद वाघिणी, काही लाकडी, काही पोलादी, उघड्या वाघिणींवर ताडपत्रीखाली झाकलेलं लष्करी सामान, टाक्या. अनेक वाघिणी दुसऱ्याच कंपन्यांच्या. न्यूयॉर्कच्या आहेत, पेन्सिल्व्हेनियाच्या आहेत, प्रत्येकीच्या पोटावर मालकाचं नाव आणि नंबर रंगवलेला. जुन्या मालगाडीच्या फोटोत माझी नजर सगळ्यात जास्त वेळ इथे रेंगाळते. इंजिन त्या दिवशी कुठे होतं हे एका ओळीत सांगून होतं. वाघिणी मात्र अर्ध्या देशाचा व्यापार अंगावर लिहून फिरत असतात. छतांवरून जाणारी ती लाकडी फळ्यांची वाट दिसतेय? हातब्रेक बांधायचे तर ब्रेकमन तिच्यावरून चालत जातो, धावत्या गाडीत, रात्रीही. आणि तिकडे मागे चाकाजवळ निळसर धूर दिसला तर ड्रायव्हरला लगेच सांगा, तो हॉट ॲक्सल असतो. या काळात ॲक्सलची टोकं तेलात भिजवलेल्या चिंध्यांनी भरलेल्या पेटीत फिरतात. चिंधी कोरडी पडली की धातू धातूला घासतो, पेट घेतो आणि ॲक्सल तुटला तर गाडी रुळांवरून खाली. वळण आलं की केबिनमधली माणसं मागे का बघतात ते आता कळलं असेल.

नीडल्सला उतरा, पाय मोकळे करा. कोलोराडो नदीच्या काठचं हे कॅलिफोर्नियाचं पहिलं गाव, अमेरिकेतल्या सगळ्यात तापणाऱ्या गावांपैकी एक. मार्च आहे म्हणून सोसवतंय. शेजारच्या लाइनवर उलट्या दिशेची गाडी उभी आहे, पिवळ्या-केशरी वाघिणींची. त्यांत दक्षिण कॅलिफोर्नियाची संत्री आहेत. सध्या तिकडे मोसम आहे आणि शिकागो, न्यूयॉर्कच्या बाजारात पोहोचेपर्यंत फळ गार राहायला हवं. यंत्राने गार करणारी वाघीण अजून दूर आहे. इथे बर्फ भरतात. वाघिणीच्या छताएवढ्या उंचीचा एक लांबच लांब लाकडी फलाट, त्यावरून सरकत येणाऱ्या तीनशे पौंडांच्या बर्फाच्या लाद्या, आणि टोकदार आकड्याच्या काठ्या घेतलेली माणसं. प्रत्येक वाघिणीच्या दोन्ही टोकांना छतात झाकणं असतात. एक माणूस झाकण उघडतो, दुसरा लादी ओढतो, फोडतो, आत ढकलतो. लादी फुटताना उडणारे तुकडे उन्हात चमकतात आणि खाली रुळांत पडून लगेच विरघळतात. वाघिणींखाली सतत ठिबक चालू. गाडी फार वेळ उभी करून चालत नाही, म्हणून ही माणसं जवळजवळ पळतच असतात. नागपूरच्या संत्र्याच्या पेट्या रेल्वेने पाठवणाऱ्या बागायतदाराला या घाईचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बार्स्टो सोडलं की चढ सुरू होतो आणि संध्याकाळी आपण कहोन खिंडीच्या माथ्यावर येतो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 3800 फूट. खाली सॅन बर्नार्डिनो, साधारण पंचवीस मैलांवर आणि अडीच हजारांहून जास्त फूट खाली. जुन्या रुळांचा उतार शंभर फुटांना तीन फूट, म्हणजे साधारण 1:33. बोरघाटाचा 1:37 आहे, त्यावरून अंदाज करा. आणि मागे हजारो टनांची गाडी.

वाफेच्या दिवसांत इथे थांबायचं. ब्रेकमन वाघिणीमागून वाघिणीला जाऊन रिटेनरची मूठ फिरवायचे, म्हणजे ब्रेकमधली हवा पूर्ण सुटणार नाही आणि ब्रेक थोडा लागलेलाच राहील. मग उतरायला लागायचं. ब्रेकचे ठोकळे चाकांना घासून तापत, धूर निघे, रात्री चाकांच्या कडा लाल दिसत. निम्म्यावर पुन्हा थांबून चाकं गार होऊ द्यायची. या घाटाने काबूत न राहिलेल्या गाड्यांची किंमत मोजलेली आहे. आता ड्रायव्हरचा हात बघा. तो दुसराच दांडा हलवतो. चाकं फिरवणाऱ्या मोटरींचा व्यवहार उलटतो: चाकं त्यांना फिरवू लागतात, त्या वीज तयार करू लागतात आणि ती वीज छतातल्या जाळ्यांमध्ये जाऊन उष्णता होऊन हवेत उडून जाते. गाडीचा वेग आवरतो, ठोकळे चाकांना फारसे न लावता. सांता फेने आपल्या एफटींवर हा डायनॅमिक ब्रेक मुद्दाम बसवून घेतला. वाळवंटातल्या पाण्यामुळे डिझेल आलं आणि घाटामुळे पक्कं झालं, असं मला ठामपणे वाटतं.  वरून निघणारी गरम हवा दिसत नाही, पण तिच्यामागचे डोंगर थरथरल्यासारखे दिसतात. चांगल्या फोटोत ही थरथर सापडते. मी ती शोधतो.

याच खिंडीत डेलानोने याच महिन्यात एक रंगीत चित्र टिपलं. उजवीकडे पश्चिमेला निघालेली 'चीफ' ही दिमाखदार प्रवासी गाडी, मागे डावीकडे एक मालगाडी, आणि दोघींच्या अंगावरून पसरलेले सॅन बर्नार्डिनोचे डोंगर. गाड्या त्यात लहान आहेत. बहुतेक जण असं चित्र पटकन पालटतात, कारण इंजिन 'नीट' दिसत नाही. तुम्ही थांबा. घाट किती मोठा आणि गाडी किती छोटी, हे दाखवायचं ठरवून हा माणूस मागे सरकला आहे.

वाफेचं इंजिन फोटोत आपणहून उठून दिसतं. धूर, वाफ, फिरणारे दांडे, सगळं बाहेर. थंडीत तर विचारूच नका. ओ. विन्स्टन लिंक यांनी 1955 ते 1960 या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री दिवे लावून टिपली, त्या चित्रांपुढे मीही गप्प होतो. वाफ संपली तसे बरेच छायाचित्रकार रुळांपासून दूर गेले. डिझेलपाशी थांबले त्यांना वेगळं बघावं लागलं: उजेड कुठून पडतोय, माल काय आहे, हवा कशी आहे, कोण उभं आहे. रिचर्ड स्टाइनहायमर (1929–2011) यांची बर्फातली, रात्रीची, धावत्या इंजिनाच्या केबिनमधून काढलेली चित्रं पाहिली की हे बघणं किती पुढे गेलं ते कळतं. डिझेलच्या मालगाडीचा जुना फोटो म्हणजे वाफेनंतरचं उरलंसुरलं असं कोणी म्हणालं तर मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटचा टप्पा गार्डच्या डब्यात करा. इंजिनापासून चालत यायला बराच वेळ लागेल, तेवढी गाडी लांब आहे. आत शेगडी पेटलेली, तिच्यावर कॉफीचं भांडं, छतातून डोकावणाऱ्या उंच बैठकीवर एक माणूस गाडीकडे नजर लावून. गार्ड टेबलावर कागद भरतो आहे: कुठली वाघीण, कुठला माल, कुठे सोडायची. एखादं लहान स्टेशन येतं. गाडी थांबत नाही. रुळांलगत उभ्या तारबाबूने काठीला अडकवलेला आदेशाचा कागद ब्रेकमन हात बाहेर काढून झेलतो. आपल्याकडे सिंगल लाइनवर टोकनचा गोळा असाच झेलत. चुकला तर गाडी थांबवावी लागते. तो चुकत नाही.

सॅन बर्नार्डिनोला उतरल्यावर चौदा वर्षं पुढे या. 1957. निळ्या-पिवळ्या इंजिनांच्या नव्या पिढ्या आल्या आहेत, सांता फेवर वाफ संपते आहे, आणि 1960 पर्यंत मोठ्या अमेरिकी रेल्वेंवरून ती जवळजवळ नाहीशी होईल. वाळवंटातल्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या. बॉयलर बांधणाऱ्या, डागडुजी करणाऱ्या कारागिरांना काम नाही. पूर्वी शे-सव्वाशे मैलांवर इंजिन बदलायचं, म्हणून तिथे शेड, शेडभोवती घरं, दुकानं, शाळा, खाणावळ. आता इंजिन न बदलता हजार मैल जातं. 1943 च्या त्या शेडमध्ये निळ्या इंजिनाच्या आजूबाजूला काळोखात जी माणसं कामं करत होती, त्यांतल्या कितीकांची कामं तेच इंजिन घेऊन जाणार होतं, आणि ती त्याला निगुतीने धूत होती. हे माहीत असताना ते चित्र मी कौतुकाने बघतो आणि त्यातून सहज सुटका होत नाही.

हे 567 घराणं भारतातही आलं. 1960 च्या दशकात जनरल मोटर्सकडून आलेल्या 72 डब्ल्यूडीएम-4 इंजिनांमध्ये त्याचाच पुढचा अवतार होता. 1969 मध्ये हावडा राजधानी सुरू झाली ती याच इंजिनांवर. आपल्या मालगाड्यांचा भार मात्र उचलला दुसऱ्या घराण्याने: अल्को कंपनीच्या आराखड्यावरचं डब्ल्यूडीएम-2, सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. वाराणसीच्या कारखान्यात बांधलेलं त्यातलं पहिलं, 'कुंदन', जानेवारी 1964 मध्ये बाहेर पडलं आणि पुढे अडीच हजारांहून जास्त इंजिनं झाली. कल्याणच्या आणि पुण्याच्या डिझेल शेडमध्ये ती धुतली गेली, दुरुस्त झाली. या दिवसांची आपल्याकडे चित्रं थोडी आहेत. रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा काढायला परवानगी लागे, फिल्म महाग, आणि मालगाडीवर रोल कोण खर्च करणार? डेलानोच्या हातात सरकारी कागद होता, आणि त्याचं काम सरकारी असल्याने ती चित्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कोणालाही खुली आहेत. आपल्याकडे तसं कोणी नेमलं नव्हतं.

तरी काही फोटो आहेत. दौंड, मनमाड, भुसावळ, सोलापूर, मिरज इथल्या रेल्वेच्या घरांमध्ये, कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात. बहुतेक वेळा निवृत्तीच्या दिवसाचा: शेवटची ट्रिप, इंजिनाला झेंडूचा हार, मध्ये ड्रायव्हरसाहेब, भोवती शेडची मंडळी. तो बाहेर काढा. ज्यांना आठवतं ती माणसं अजून आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा, शाईने नको, ती पुढे उमटते. तारीख, ठिकाण, गाडी कुठून कुठे, वाघिणींत काय होतं, कुठल्या स्टेशनला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागायचा. इंजिनाचा नंबर केबिनच्या बाजूवर असतो, भिंगाने बघितला तर बहुतेक सापडतो. मग डावीकडून उजवीकडे एकेकाचं नाव विचारत जा, हार घातलेल्या साहेबांपासून कडेला चिंध्यांचं बोचकं घेऊन उभ्या असलेल्या खलाशापर्यंत. त्याचं आडनाव आठवत नसेल तर ज्या नावाने शेडमध्ये हाक मारत, ते लिहा.